झडपेची फट आणि घाटाची वाट

महाड आणि पोलादपूर या मुलखाचा इतिहास बहुधा गडावरून लिहिला जातो. रायगडाच्या राजधानीचे वैभव, उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम, किंवा अलीकडचा १९२७ मधील चवदार तळ्याचा सत्याग्रह, या गोष्टी मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. परंतु ज्या कारणाने या दोन गावांस पिढ्यान्‌पिढ्या महत्त्व राहिले ते कारण दळणवळणाचे होय. आणि त्याचा इतिहास गडावरून दिसत नाही, घाटाच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर दिसतो. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे महाड हे खाडीच्या भरतीवर जगणारे बंदर होते. देशावरचा माल घाट उतरून येथे यावा आणि पडावांतून समुद्राकडे जावा, असा त्याचा क्रम असे. वरंधचा घाट भोराकडे, आंबेनळीचा घाट पोलादपुरावरून प्रतापगडाच्या कुशीतून महाबळेश्वराकडे, आणि कशेडीचा घाट दक्षिणेस खेड-चिपळुणाकडे. अशा प्रकारे तीन दिशांस चढ असलेल्या मुलखात प्रवासी थांबल्यावाचून पुढे जात नाही.

आणि घाटापूर्वी थांबणे म्हणजे तपासणे. बैलगाडीच्या काळी गाडीवान चाकाची धाव सैल झाली आहे काय ते हाताने पाही, आसास वंगण घाली, बैलाचा खूर उचलून नाल चाचपून पाही. फार बिघाड असला तर लोहार, सुतार व नालबंद पायथ्याच्या गावी असतच. पण पहिली तपासणी ज्याची गाडी त्याची. ही रीत कोणी लिहून ठेविली नव्हती. मध्येच आस मोडला तर खाली दरी आहे, एवढे ज्ञान तिच्या पाठीशी पुरेसे होते.

या रीतीचे पुढे काय झाले, ती यंत्राच्या युगात टिकली की लोपली, हा आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा मागोवा घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे इंजिनाच्या झडपेशी ठेवावी लागणारी केसाएवढी फट. मेकॅनिक लोक तिच्या जुळवणीस ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. ही जुळवणी नवशिक्या माणसास आपल्या घरच्या ओट्यावर करता येते की नाही, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील यंत्र आणि यंत्राचा मालक यांच्या संबंधांचा बराच इतिहास साठविलेला आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम फट कशासाठी, ते पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो. हवा व इंधन आत घेण्यास एक झडप आणि जळालेला धूर बाहेर टाकण्यास दुसरी, अशा निदान दोन झडपा त्यास असतात. झडपेचा आकार छत्रीच्या अळंब्यासारखा असतो. खाली रुंद डोके आणि वर लांब दांडा. एक उंचवट्यांचा फिरता दांडा, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो रॉकर नावाच्या डोलत्या दांडीच्या द्वारे झडपेस ठरलेल्या क्षणी ढकलून उघडतो आणि स्प्रिंग तिला पुन्हा मिटविते. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास १,५०० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा मिटते.

आता लोखंड तापले म्हणजे लांबते, हे बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढविणाऱ्या लोहारास शाळेत न जाताही ठाऊक होते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा सरासरी ३०० अंशांनी तापला, तर तो सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो. भोवतालचा सांगाडाही काही अंशी लांबतो, म्हणून फरक तेवढाच राहत नाही. तरी काही उरतोच. इंजिन थंड असताना झडपेचा दांडा आणि रॉकर यांच्यामध्ये काहीच जागा ठेविली नाही, तर तापल्यावर लांबलेला दांडा झडपेस पुरते मिटू देणार नाही. म्हणून थंड असताना थोडी फट मुद्दाम ठेवावयाची. लहान मोटारसायकलीत ती मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते, मोठ्या इंजिनांत त्याच्या तिप्पट-चौपटही असते. फट अधिक झाली तर झडप उशिरा उघडते, कमी उघडते आणि खटखट वाजते. फट कमी झाली तर मात्र काहीच ऐकू येत नाही. आणि खरा धोका येथेच आहे.

हा धोका घाटात कसा उग्र होतो ते पाहावे. पोलादपुराहून महाबळेश्वरापर्यंत सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्यात चार हजार फुटांहून अधिक चढ आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये, वेग थोडा आणि इंजिनावर भार पुरा. वाऱ्याने मिळणारा थंडावाही अल्प. अशा वेळी धुराच्या झडपेचे डोके लालबुंद होण्याइतके तापते. ती आपली उष्णता मुख्यत्वे आपल्या बैठकीवर टेकलेली असताना बाहेर टाकते. फटच नसेल, तर ती नीट टेकतच नाही. पेटलेला वायू कडेच्या चिंचोळ्या वाटेने निसटू लागतो आणि झडपेची कड जाळून टाकतो. मेकॅनिक ज्यास ‘वॉल्व्ह जळला’ म्हणतात ते हेच. सपाटीवर जे इंजिन गोड चालत होते ते अर्ध्या घाटात दम सोडते, आणि त्याने आधी एका शब्दानेही तक्रार केलेली नसते. पायथ्याची जुनी तपासणी येथे पूर्वीइतकीच आवश्यक होती. फरक एवढाच पडला की गाडीवानास हाताने चाचपता येणारी धाव जाऊन तिच्या जागी डोळ्यांस न दिसणारी फट आली.

या फटीचा जन्म तसा फार जुना नाही. जर्मनीत ऑटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन सिद्ध केले, आणि १८८५ च्या सुमारास डाइमलर व माय्‌बाख यांनी ते हलके व वेगवान केले. त्या आरंभीच्या इंजिनांत हवा आत घेणारी झडप केवळ दट्ट्याच्या ओढीने आपोआप उघडे. तिला ढकलणारे काहीच नसे, म्हणून तिच्यापाशी फट जुळविण्याचा प्रश्नही नसे. वेग वाढू लागला तशी ही आपोआप उघडणारी झडप मागे पडू लागली, आणि दोन्ही झडपा कॅमने ढकलण्याची रीत रूढ झाली. त्या वेळेपासून फट हा इंजिनाच्या प्रकृतीचा भाग झाला. आणि कारखानदारांपुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. झीज होऊन फट बदलणार हे निश्चित. मग ती पुन्हा जुळविण्याची सोय मालकास द्यावयाची की नाही?

या प्रश्नाची दोन उत्तरे इतिहासात आढळतात. अमेरिकेत फोर्ड याची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती आणि तिच्या दीड कोटी प्रती जगभर गेल्या. शेतकऱ्याने स्वतः दुरुस्त करावी म्हणून नावाजलेल्या या गाडीत झडपेची फट जुळविण्यास स्क्रू मात्र नव्हता. फट कमी झाली, तर झडप काढून तिच्या दांड्याचे टोक घासावयाचे. अधिक झाली, तर झिजलेला भाग बदलावयाचा. अखेर इतर कारखानदारांनी जुळविता येतील असे टॅपेट करून या गाडीसाठी बाजारात आणले आणि मालकांनी ते घेतले. दुसरे उत्तर म्हणजे रॉकरच्या किंवा टॅपेटच्या टोकाशी एक लहानसा स्क्रू आणि त्यास जागी आवळून धरणारा नट ठेवणे. या उत्तराचा अर्थ आम्ही असा करितो की, कारखानदार आपले यंत्र विकताना त्याबरोबर एक आकडा आणि एक स्क्रू मालकाच्या हाती देतो आणि म्हणतो, “येथून पुढे याची प्रकृती तुम्ही सांभाळा.” यंत्र विकत घेणे आणि यंत्राचे मालक होणे यांत जे अंतर आहे ते या स्क्रूने मोजता येते.

आमच्याकडे हे अंतर कसे तुटले? महाड-पोलादपुराच्या बाजूस आगगाडी नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला, आणि महाड तालुक्यातील वीर स्थानकावर गाड्या थांबू लागल्या त्या त्याच दशकात. देशावरील पुष्कळ गावांत लोकांची यंत्राशी पहिली ओळख रेल्वेच्या कारखान्यांतून झाली. येथे ती रस्त्यावरच्या मोटारींतून आणि भाताच्या गिरणीवरील तेलाच्या इंजिनातून झाली. आणि या दोन्ही यंत्रांची मालकी लहान माणसांची होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. प्रथम धावली, त्यापूर्वी प्रवासी मोटारी खासगी मालकांच्या असत. ज्याच्या एकाच गाडीवर संसार चालतो, त्यास ती आठवडाभर उभी ठेवणे परवडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मापून मिळू लागले, तेव्हा मोटारींच्या पाठीस कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसविण्यात आल्या. त्या गॅसाबरोबर राख आणि डांबर आत जाई, झडपांचे दांडे चिकटत, बैठकी खराब होत. इंजिन उघडून झडपा घासणे व फट पुन्हा जुळविणे हे काम त्यामुळे नेहमीचे होऊन बसले. टंचाईने जी विद्या शिकविली ती सुबत्तेने शिकविली असती की नाही, याची आम्हांस शंकाच आहे.

तेलाच्या इंजिनांची हकीकत याहून अधिक अभिमानाची आहे. आंबेनळी चढून महाबळेश्वर, वाई ओलांडले म्हणजे सातारा येते. तेथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात तेलाची इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान होते. किर्लोस्करांचा इतिहास तर मराठी घरांत परिचितच आहे. १८८८ मध्ये बेळगावी सायकलींच्या दुकानापासून त्यांचा आरंभ झाला, १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत आडवी आली होती. शेतकऱ्याने लोखंडाची भीती टाकून नांगर हाती धरला, यास काही वर्षे लागली. परंतु पुढे त्याच शेतकऱ्याच्या मुलाने इंजिनाचे झाकण काढून झडपेच्या फटीत पोलादी पट्टी सरकविली, ही भीती टाकण्याची दुसरी आणि अधिक कठीण पायरी होती.

ती कठीण का, हे मापांवरून ध्यानात येते. आमचे सुतार व लोहार ‘सूत’ या मापावर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंजिनाबरोबर आलेले माप होते ‘थाऊ’, म्हणजे इंचाचा हजारावा भाग; एका सुतात १२५ थाऊ मावतात. डोळ्याच्या अंदाजाने सूत साधते, थाऊ साधत नाही. त्यासाठी फीलर गेज नावाची पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी लागते. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. पट्टी फटीतून किंचित अडखळत, लोण्यातून सुरी ओढावी तशी, सरकली पाहिजे. अगदी मोकळी गेली तर फट मोठी, मुळीच शिरली नाही तर फट लहान. अंदाजाच्या जागी मोजमाप आले, आणि ते खेड्यातल्या गिरणीवाल्याच्या बोटांत आले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कारखान्यांच्या स्थापनेच्या तारखा असतात. ही बोटांची तारीख कोठेच नोंदलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचा विस्तार झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, महिंद्रांनी जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला, आणि १९५५ मध्ये मद्रासेस रॉयल एन्फिल्डच्या बुलेटचा कारखाना निघाला. या साऱ्यांत स्क्रू व नट मालकाच्या आवाक्यात होते. जुन्या बुलेटची रीत तर फीलर गेजचीही गरज न ठेवणारी होती. इंजिन थंड असताना बाजूचे लहान झाकण काढावे, आणि झडपेस ढकलणारी काठी दोन बोटांनी सहज फिरावी परंतु वरखाली हलू नये, इतका स्क्रू जुळवावा. येथे बोट हेच माप होते.

परंतु मध्यमवर्गीय घरांत मात्र याच सुमारास निराळे घडले. या घरांत जी दुचाकी आली ती बहुधा टू-स्ट्रोक होती: जावा, राजदूत, आणि १९७२ पासून आकुर्डीची बजाज चेतक. टू-स्ट्रोक इंजिनास अशा झडपाच नसतात. नळकांड्यातील छिद्रे दट्ट्याच उघडतो आणि मिटतो. प्लग काढून पुसला आणि स्कूटर एका अंगास कलती केली की सुशिक्षित गृहस्थाचे यंत्रशास्त्र संपले. याचा परिणाम असा झाला की, फटीची विद्या ट्रकवाले, जीपवाले, गिरणीवाले आणि बुलेटवाले यांच्यापाशी राहिली, आणि पुस्तके वाचणाऱ्या वर्गास तिची गरजच भासली नाही. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार धावांची मोटारसायकल आली आणि झडप मागच्या दाराने घरात शिरली. आज महाडच्या किंवा पोलादपुराच्या कोणत्याही आळीत पेट्रोलवर चालणारी जी दुचाकी उभी असते, तिच्या डोक्यात दोन किंवा अधिक झडपा आणि तितक्याच फटी असतात. पण गृहस्थाच्या मनात अजून स्कूटरचेच शास्त्र आहे. गाडी वाजू लागली की गॅरेजात न्यावी आणि वाजत नसेल तर सर्व ठीक आहे, अशी त्याची समजूत आहे. झडपेच्या बाबतीत ही समजूत नेमकी उलटी आहे, हे वर आलेच आहे.

एखाद्या जिज्ञासू वाचकास हे काम घरी करावेसे वाटेल, म्हणून त्याचा क्रम येथे देतो. साध्या हवाथंड मोटारसायकलीत ते तासाभराचे आहे. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. गरम इंजिनावर घेतलेले माप व्यर्थ. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून फटीचा आकडा पाहून ठेवावा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीस लावू नये. प्लग आणि झडपांवरील झाकणे काढावी, आणि इंजिन हाताने फिरवून दट्ट्या वरच्या टोकास आणावा. चाकावरील खूण खिडकीतील खुणेशी जुळली म्हणजे तो तेथे आला. परंतु चार धावांच्या फेऱ्यात दट्ट्या वर दोनदा येतो. ज्या वेळी दोन्ही रॉकर किंचित हलतात, तीच वेळ योग्य. एकही घट्ट लागत असला तर आणखी एक पुरा फेरा द्यावा. मग पट्टी सरकवून पाहावी, नट सैल करावा, स्क्रू बोटभर प्रेमाने फिरवावा, आणि स्क्रू जागच्या जागी धरून नट आवळावा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. नवशिक्याचा सारा कस या पुन्हा मोजण्यात आहे.

आणखी एक मोह त्याने टाळावा. आपल्या कामाने गाडी एकदम गप्प झाली, तर त्यास आनंद होतो. जाणते मिस्त्री मात्र म्हणतात, थोडा वाजणारा टॅपेट बरा, अगदी मुका नको. वाजणारा दोष मालकास हाक मारतो. मुका दोष झडप जाळून मगच बोलतो. आम्हांस हे वचन यंत्राबाहेरही पुष्कळ ठिकाणी लागू पडते असे वाटते, परंतु तो विचार वाचकांवर सोपवितो.

येथवरच्या विवेचनावर कोणी म्हणेल की, हा सारा छंदाचा विषय झाला. गॅरेज कोपऱ्यावर आहे, मेकॅनिकास त्याची मजुरी द्यावी आणि आपण आपले काम करावे. सामान्य दिवसांपुरते हे म्हणणे रास्त आहे. परंतु या मुलखास असामान्य दिवस पाहावे लागले आहेत. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या आणि आंबेनळीचा रस्ता तुटला. त्या प्राणहानीपुढे वाहनांची गोष्ट काढणे अप्रशस्त वाटेल. पण पुरानंतरच्या आठवड्यात जगणे पुन्हा उभे राहते ते पाणी, औषध आणि धान्य हलविणाऱ्या चाकांवरच.

अशा पुरात बुडालेल्या इंजिनाचे काय होते? नळकांड्यात पाणी शिरते. पाणी दबत नाही. म्हणून घाईने किक किंवा बटण मारले तर आतला दांडा वाकतो. तेलात पाणी मिसळून ते दुधाळ होते. आणि झडपेच्या बैठकीवर गंज धरू लागतो, जो दिवसादिवसाने वाढतो. योग्य उपचार अगदी साधा आहे: सुरू करण्याचा यत्न करू नये, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे, नळकांड्यात थोडे स्वच्छ तेल सोडावे, आणि मग झडपा नीट मिटतात काय हे फट मोजून पाहावे. हा उपचार पहिल्या एक-दोन दिवसांत झाला तर गाडी वाचते. ज्या दिवशी गावातील सर्वच गाड्या आणि खुद्द गॅरेजेही पाण्याखाली असतात, त्या दिवशी कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीजणांस पुरणार? ज्या घरात एका तरी माणसाने पूर्वी एकदा झाकण काढून आत पाहिले असेल, ते घर त्या दिवशी हातावर हात ठेवून बसत नाही. घरगुती विद्येची किंमत अशाच दिवशी कळते, आणि त्या दिवशी ती शिकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्रेच अशी होत चालली आहेत की त्यांत जुळविण्यासारखे काही उरत नाही. १९३० मध्येच कॅडिलॅक मोटारीत तेलाच्या दाबाने फट आपोआप मिटविण्याची युक्ती आली होती. ती पुढे पुष्कळ मोटारींत गेली, आणि २०१० च्या सुमारास बुलेटच्या नव्या इंजिनांतही आली. चेतक हे नाव तर २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले. तिला झडप नाही, फट नाही, धूर नाही. मग गेलेल्या विद्येसाठी हळहळावे कशास? ही प्रगती आम्ही नाकारीत नाही. घाटात न जळणारी झडप ही जळणाऱ्या झडपेपेक्षा चांगली, आणि धूर न सोडणारे वाहन त्याहून चांगले, यात वाद नाही. परंतु दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जात आहेत. यंत्रास देखभाल कमी लागणे ही एक गोष्ट. मालकास आत पाहण्याची सोयच न ठेवणे ही दुसरी. पहिलीत मालकाचा वेळ वाचतो, दुसरीत त्याचा अधिकार जातो. झाकणास कुलूप, पुस्तिकेत आकड्याच्या जागी ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा’ हे वाक्य, आणि हमी रद्द होण्याचा धाक, असे जेथे असेल तेथे विजेचे वाहनही मॉडेल टीच्याच रांगेत बसते. त्यातून स्क्रू काढून घेतलेला आहे. मॉडेल टीच्या मालकांनी तो स्क्रू बाहेरून आणून बसविला, हे विसरून चालणार नाही.

आमच्या सुशिक्षित वर्गास या इतिहासातून घेण्याजोगे काही असेल, तर ते असे. हात काळे करणे हे कमीपणाचे, ही समजूत आमच्यात जुनी आहे, आणि ती मोडणारी माणसेही आमच्यातच झाली आहेत. सायकलींच्या दुकानातून किर्लोस्करवाडी उभी राहिली हा त्याचा पुरावा. परंतु कारखाना उभारणे सर्वांस साधत नाही. झाकण उघडून पाहणे साधते. मुलगा वा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली म्हणजे रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, वडीलधाऱ्यांनी जवळ बसून त्यांच्या हाती पाना आणि फीलर गेज द्यावे. गणितात शिकलेले शतांश आणि पदार्थविज्ञानात शिकलेले उष्णतेने होणारे प्रसरण ही दोन्ही तेथे एका पट्टीच्या अडखळण्यात एकत्र येतात. नवे वाहन घेताना मायलेज आणि रंग विचारावा, तसेच हेही विचारावे की, याचे झाकण आम्हांस उघडता येते काय, आणि याचे आकडे आम्हांस दिले आहेत काय.

कशेडीच्या डोंगरातून आता बोगदा झाला आहे आणि पायथ्याशी थांबण्याचे एक कारण कमी झाले आहे. आंबेनळीचा चढ मात्र तसाच आहे, सावित्रीचा पूरही तसाच आहे. धाव हाताने चाचपणारा गाडीवान अडाणी म्हणविला गेला, तरी आपली गाडी पुढचा घाट चढेल की नाही याचे उत्तर त्याच्यापाशी असे. आमच्यापाशी ते असावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.